खाचरातलं स्टेडियम

वरंध घाटाच्या पायथ्याला, शिवथरच्या खोऱ्यात भात झोडून झालं की खाचरांतून स्टंप उभे राहतात. मुंबईचं वानखेडे स्टेडियम मला फार आवडतं. 2011च्या विश्वचषकाआधी तिथे बसवलेलं कापडी छत प्रेक्षकासमोर एकही खांब येऊ देत नाही. तरी आपल्या जागेत चपखल बसलेलं मैदान कोणतं, असं विचाराल तर मी खाचराचंच नाव घेईन.

या चपखलपणाचं मूळ आहे चिखलणीत. लावणीआधी चिखल करताना ढेकळं फुटतात, मातीचे कण सुटे होतात. जड कण आधी खाली बसतात, चिकणमातीचे बारीक कण वर साचतात आणि पाणी मुरण्याच्या वाटा बुजतात. भाताला पाणी उभं लागतं, म्हणून ही सगळी मेहनत. कापणीनंतर ओल आटली की तेच कण एकमेकांना घट्ट धरतात. मोठ्या मैदानावर चिकणमाती भिजवून, रोलर फिरवून, वाळवून हेच साधतात. सपाटीही आयतीच मिळते, कारण पाणी सगळीकडे सारखं राहावं म्हणून खाचर आधीच समतल केलेलं असतं.

मग पोरं खळ्याची रीत वापरतात. धसकटं उपटायची, भेगांत ओली माती दाबायची, चोपण्याने चोपायचं आणि शेणाने सारवायचं. खेळ टेनिसच्या चेंडूने चालतो. नियमाप्रमाणे हा चेंडू 254 सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडला तर साधारण 135 ते 147 सेंटिमीटर उसळायला हवा. भुसभुशीत मातीत ही उसळी मरते, चोपलेल्या पट्टीवर बरीचशी टिकते.

दिशेचं तर मला विशेष कौतुक वाटतं. मावळतीचं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून खेळपट्टी शक्यतो दक्षिणोत्तर आखतात. पश्चिमेकडे उतरणाऱ्या डोंगरावर खाचरं उताराला आडवी, म्हणजे दक्षिणोत्तरच लांब असतात. लांबीच्या बाजूने स्टंप रोवले की काम झालं. वरचा बांध म्हणजे गॅलरी. दुपारी तापलेल्या उतारावरून वारा वर चढतो, सांजेला हवा गार होऊन खाली येते. उंच फटका मारणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

स्पर्धेसाठी खाचरात सिमेंटची पट्टी ओतायचं कुणाच्या मनात असेल, तर कृपा करून ओतू नका. मातीची पट्टी पहिल्या पावसात विरघळते आणि त्याच जागी पुन्हा भात लागतो.