हातांना जागा
नगराच्या आराखड्यात घरांना जागा असते, रस्त्यांना असते; हातांच्या कामाला असते काय? शेजारच्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना नव्या वस्तीच्या आखणीपायी उठला, आणि १९१० साली औंध संस्थानातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. बेळगावचा रोजगार परगावी गेला.

हुबळी-धारवाडची संयुक्त महापालिका १९६२ सालची. पुढे १९६६ च्या कायद्यान्वये राज्याचे मंडळ जमिनी संपादून औद्योगिक वसाहती आखू लागले. धारवाडनजीक बेलूरच्या वसाहतीत बसगाड्यांचा मोठा कारखानाही उभा राहिला. हे स्वागतार्हच आहे. तथापि विस्तीर्ण भूखंडांच्या शेजारी लोहार, सुतार आणि शिवणकाम करणाऱ्या भगिनींना परवडतील असे लहान गाळेही राखले पाहिजेत. तरच वाढत्या नगराची भाकरी घरोघरी पोहोचेल.