कान्हेरी: आधी रानवाट, मग लेणी

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. उद्यानाची बस हे अंतर बघता बघता कापते आणि बहुतेक पर्यटक तीच पकडतात. पक्षी पाहायचे असतील तर ती सोडून पायी निघालेले बरे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात अडीचशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे, आणि त्यांतले कितीतरी डांबरी रस्ता न सोडताही दिसतात.

सकाळचे पहिले दोन तास मोलाचे. तांबटाची एकसुरी टुकटुक चालू असते, मधूनच राखी धनेशाची जोडी झाडांवरून संथपणे निघून जाते. फेब्रुवारीच्या सुमारास काटेसावर, पळस आणि पांगारा फुलतात. तेव्हा मकरंदासाठी मैना, पोपट, हळद्या आणि शिंजीर एकाच झाडावर गोळा होतात. अशा झाडाखाली अर्धा तास थांबणे हे तासभर भटकण्यापेक्षा फायद्याचे. या वाटेवरचा खरा मानकरी मात्र भृंगराज. काळाभोर, डोक्यावर तुरा, आणि शेपटीच्या दोन लांब तारांच्या टोकांना चिमुकली पिसे: तो उडाला की दोन भुंगे पाठलाग करताहेत असे वाटते. तो पट्टीचा नकलाकार आहे, त्यामुळे नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखणारे इथे हमखास फसतात. तो दिसला की आसपास नीट पाहावे. किडे टिपत फिरणारा निखार, नाचण आणि वटवट्यांचा संमिश्र थवा बहुधा जवळच असतो.

चढ संपला की लेणी सुरू होतात. शंभराहून अधिक लेण्यांचा हा बौद्ध मठ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासपासून जवळजवळ हजार वर्षे नांदता होता. कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांच्या व्यापारावर तो पोसला गेला. तिथल्या दात्यांची नावे ब्राह्मी शिलालेखांत आहेत. तिसरे लेणे म्हणजे सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला, दुसऱ्या शतकातला चैत्य. रचना कार्ल्याची, हात मात्र तितका सफाईदार नाही: काही खांबांवर हत्ती आणि भक्त कोरलेत, उरलेले नुसतेच अष्टकोनी. ओसरीतल्या सुमारे सात मीटर उंच बुद्धमूर्ती नंतरच्या शतकांतल्या आहेत. अकराव्या, ‘दरबार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्यात लांबच लांब दगडी बैठका आहेत, तर एकेचाळिसाव्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर.

गर्दी चैत्यापाशीच रेंगाळते, पण कान्हेरीचे खरे कसब पाण्यात आहे. चार महिने धो-धो पाऊस आणि आठ महिने कोरडे. एवढ्या भिक्षूंना पाणी पुरायचे कसे? त्यासाठी कातळाच्या उतारावर पन्हळी खोदून पावसाचे पाणी लेण्यालेण्याशेजारच्या पोढ्यांत, म्हणजे खडकातल्या टाक्यांत उतरवले. पोढीचे तोंड लहान आणि पोट मोठे, त्यामुळे उन्हाने पाणी आटत नाही. पोढ्या दान दिल्याचेही शिलालेख आहेत.

नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. १००९ आणि १०२१ साली इथे येऊन गेलेल्या पारशांनी आपली नावे आणि तारखा कोरून ठेवल्या. आज असे कोरणारा दंडाला पात्र ठरतो. पारशांचे ते कोरणे मात्र हजार वर्षांनी अभ्यासाचा विषय झाले.

माथ्यावरून तुरेवाला सर्पगरुड घिरट्या घालताना दिसतो. हिवाळ्यात कातळावर निळा शैलकस्तूर बसलेला असतो, पावसाळ्याच्या तोंडाशी रानात नवरंग शीळ घालू लागतो. पावसाळ्यात ओढे वाहू लागले की पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा. पाणी सोबत घ्यावे, खाऊ मात्र पिशवीबाहेर काढू नये. लेण्यांवरची माकडे तो हातातून ओढून नेतात. सोमवारी उद्यान आणि लेणी दोन्ही बंद असतात.