ट्राउट माशाची कृत्रिम माशीने मासेमारी : आनंद, तंत्र व दक्षता

सफरचंदाच्या बागा पाहण्यासाठी आपल्याकडील फळबागायतदारांच्या अभ्यास सहली हिमाचल प्रदेशातील कुलू भागात जातात. सहलीत एखादा दिवस मोकळा मिळाला की मंडळी नदीवर जातात आणि लांब काठी हवेत मागेपुढे फिरविणारे लोक पाहून चकित होतात. अशाच एका सहलीनंतर तीन दिवस मागे राहून मी तीर्थन नदीवर हा प्रकार शिकलो. कोकणात लहानपणापासून गरवणाऱ्यांना तो सोपा वाटेल, पण तसा तो नाही.

ट्राउट मूळचा आपला मासा नव्हे. तपकिरी ट्राउट इंग्रजी अमलात, १९०० च्या सुमारास, ब्रिटनमधून काश्मीरमध्ये आणला गेला व पुढे काही वर्षांनी कुलूकडील नद्यांत सोडला गेला. इंद्रधनुषी ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील. कुलूजवळ पतलीकूहल येथे १९९० च्या आसपास नॉर्वेच्या सहकार्याने त्याच्या संवर्धनाला चालना मिळाली. दोघांनाही थंड, वाहते व भरपूर प्राणवायू असलेले पाणी लागते. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर राहू लागले की त्यांना ताण पडतो. परत आल्यावर 'आमच्या शेततळ्यात हा मासा होईल का?' असे मला अनेकांनी विचारले. होणार नाही. शेततळ्यासाठी रोहू, कटला, मृगळच योग्य.

गोफण नव्हे, आसूड

नेहमीच्या गळाला गांडुळासारखे आमिष व शिशाचे वजन लावतात आणि ते वजन दोरीला ओढून नेते, जसा गोफणीतला दगड. येथे उलट आहे. गळावर दोरा, पिसे व केस गुंडाळून केलेली माशी इतकी हलकी असते की ती फेकताच येत नाही. म्हणून दोरीलाच वजन दिलेले असते आणि आसूड उडवावा तशी ती उडवावी लागते. काठी साधारण ८ ते ९ फूट लांब असते. जाड दोरीच्या टोकाला नायलॉनचा निमुळता, माशाला सहजी न दिसणारा धागा व त्याला माशी बांधतात. काठी झटक्याने मागे न्यावी, थांबावे, दोरी पाठीमागे सरळ होऊ द्यावी आणि मगच पुढे आणावी. हे थांबणेच नवशिक्याला जमत नाही. पहिल्या दिवशी माझी माशी नदीपेक्षा झुडपातच जास्त वेळ होती.

माशांचे पिसे बहुधा कोंबड्याच्या मानेचे असते, हे आपल्या कुक्कुटपालकांना ऐकून गंमत वाटेल.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, दगडाच्या आडोशाला, कमी श्रमात उभा राहतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. म्हणून खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून, सावली पाण्यावर पडू न देता जावे. माशी प्रवाहाच्याच गतीने वाहिली पाहिजे. दोरीने ओढली गेली की मासा ओळखतो. कोणती माशी बांधावी, हे दुकानदाराला विचारण्याआधी उथळ पाण्यातील दोनचार दगड उलटून पाहावेत. खाली कोणत्या किड्यांच्या अळ्या व पिल्ले आहेत, त्यांचा रंग व आकार कोणता, त्यावर निवड ठरते. आपण पिकावर फवारणीपूर्वी पाने उलटून पाहतो, तसेच हे आहे. मला तरी या छंदाचा खरा आनंद मासा लागण्यापेक्षा या पाहणीतच वाटला.

मासा सोडून द्यायचा असेल तर उलटी अणी नसलेला गळ वापरावा, हात ओले करून मासा पाण्यातच धरावा आणि प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः निघून जाईपर्यंत आधार द्यावा.

नदी वाढते कशी

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ज्या दगडावर बसून चहा घेतला, तो दुपारी चारनंतर दिसेना. पाऊस नव्हता, आकाश निरभ्र होते. उन्हाने वर बर्फ वितळते आणि ते पाणी दुपारनंतर खाली पोचते. आपल्याकडे नदी पावसाने वाढते, त्यामुळे कोरड्या दिवशी आपण निर्धास्त असतो. तेथे तसे राहू नये.

याहून धोकादायक म्हणजे धरणातून सोडलेले पाणी. तीर्थन नदी लारजी येथे बियासला मिळते. तेथील धरणाच्या खालच्या बाजूस ८ जून २०१४ रोजी हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी व सहलीतील आणखी एक जण अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ते पोहायलाही उतरले नव्हते, पात्रातील खडकांवर छायाचित्रे काढत होते. धरणाखालच्या पात्रात मधल्या खडकावर जाऊच नये. पाणी गढूळ होऊ लागले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली, आवाज बदलला किंवा भोंगा ऐकू आला, तर सामान सोडून ताबडतोब वर चढावे.

पाण्यात उतरताना स्थानिक माणूस सोबत घ्यावा. पाणी मांडीच्या वर जाऊ देऊ नये. हातात मजबूत काठी असावी, एक पाय घट्ट रोवल्यावरच दुसरा उचलावा. रबरी विजार घातल्यास कमरेला पट्टा आवळावा, म्हणजे पडल्यास आत पाणी कमी शिरते. वाहून जाऊ लागल्यास उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत. वेगाच्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, पाय दगडात अडकतो. बर्फाच्या पाण्यात काही मिनिटांतच हातपाय बधिर होतात, म्हणून कोरडे कपडे जवळ असावेत.

डोक्यावर टोपी व डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण गळ कानाजवळूनच फिरतो. डोळ्याजवळ गळ रुतल्यास स्वतः न काढता डॉक्टरांकडे जावे. हल्लीच्या काठ्या कार्बनच्या असून त्यांतून वीज वाहते. वीजतारांखाली किंवा आकाश गडगडत असताना काठी उचलू नये.

मासेमारीसाठी हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा लागतो; कमीत कमी आकार व किती मासे ठेवता येतात, हे तो घेतानाच विचारून घ्यावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ असल्याने ट्राउटची मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात नद्या गढूळ असतात. सफरचंदाची तोडणी व मासेमारी दोन्ही साधायचे असल्यास सहल सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये आखावी.