दिसत नाही, उघडत नाही, चालत नाही: घरच्या फाइल शेअरिंगचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॉम्प्युटरमधला सिनेमा टीव्हीला जोडलेल्या मीडिया प्लेअरवर बघायचा, एवढीच इच्छा असते. दोन्ही यंत्रं एकाच वाय-फायवर असतात, फोल्डर शेअर केलेलं असतं आणि तरी प्लेअर म्हणतो, काही सापडलं नाही. मग सल्ले सुरू होतात. एक जण सांगतो, ‘फायरवॉल बंद कर’. दुसरा म्हणतो, ‘एसएमबी वन चालू कर’. तिसरा म्हणतो, ‘एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाक’. तिन्ही उपाय एकदम केले की कधीकधी सिनेमा सुरूही होतो. नेमका कशामुळे, ते मात्र कुणालाच कळत नाही आणि बिघाड पुन्हा झाला की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

‘चालत नाही’ या एका तक्रारीत खरं तर चार तक्रारी दडलेल्या असतात. कॉम्प्युटर यादीत दिसत नाही. दिसतो, पण जोडणी होत नाही. जोडणी होते, पण आत घेत नाही. आत घेतो, पण फाइल नीट चालत नाही. चारींची कारणं वेगळी, उपायही वेगळे. पुढचे गैरसमज साधारण याच क्रमाने घेतले आहेत. कॉम्प्युटर विंडोजचा आहे असं धरलं आहे.

गैरसमज: यादीत नाव नाही, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कवरच नाही.

वस्तुस्थिती: नावांची यादी करणारी यंत्रणा आणि फाइल देणारी यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोसायटीच्या नामफलकावर नाव नाही म्हणून त्या फ्लॅटमध्ये कुणी राहतच नाही, असं होत नाही. पूर्वी विंडोजमध्ये ही यादी ‘कॉम्प्युटर ब्राउझर’ नावाची सेवा करायची आणि ती एसएमबी या फाइल शेअरिंगच्या भाषेच्या पहिल्या आवृत्तीवर अवलंबून होती. ती आवृत्ती मागे पडली, तशी ही सेवाही गेली. आताची विंडोज ‘डब्ल्यूएस-डिस्कव्हरी’ नावाच्या दुसऱ्या पद्धतीने आपली ओळख सांगते. ही पद्धत बऱ्याच प्लेअरना कळतच नाही.

म्हणून यादीची वाट बघू नका, थेट पत्ता द्या. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की ‘आयपीव्ही४’ या ओळीत १९२.१६८.१.५ अशा धर्तीचा पत्ता दिसतो. कोडीसारख्या प्लेअरमध्ये नेटवर्कची जागा हाताने जोडायची सोय असते, तिथे हा पत्ता घाला. फोल्डर उघडलं, तर बिघाड फक्त यादीत आहे आणि तो दुरुस्त करायची गरजही नाही. राउटर हा पत्ता अधूनमधून बदलू शकतो. तेव्हा राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो या कॉम्प्युटरसाठी राखून ठेवावा.

गैरसमज: घरात वाय-फाय एकच आहे, म्हणजे नेटवर्कही एकच.

वस्तुस्थिती: एका घरात दोन नेटवर्क असणं मुळीच दुर्मीळ नाही. फायबरवाल्याने बसवलेला डबा स्वतःच राउटर असतो. रेंज कमी पडते म्हणून आपण त्याला बाजारातून आणलेला दुसरा राउटर जोडतो. तो दुसरा राउटर आपलं वेगळं नेटवर्क उभं करतो आणि प्लेअर एकात, कॉम्प्युटर दुसऱ्यात अशी विभागणी होते. ओळखायची खूण सोपी आहे. दोन्ही यंत्रांच्या पत्त्यांतले पहिले तीन आकडे ताडून पाहा. घरगुती राउटरमध्ये ते सहसा सारखेच असायला हवेत. एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.० असेल, तर फोल्डरच्या परवानग्यांशी झटापट करण्यात अर्थ नाही.

अशा वेळी एक चमत्कारिक गोष्ट घडते. आतल्या राउटरवरच्या यंत्राला बाहेरच्या राउटरवरच्या यंत्रापर्यंत पत्ता देऊन पोहोचता येतं, पण उलट दिशेने येता येत नाही. त्यामुळे एका खोलीतून चालतं आणि दुसरीतून नाही, असा अनुभव येतो. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकला की दोन्ही नेटवर्कं एक होतात.

‘गेस्ट’ वाय-फायचंही तसंच. पाहुण्यांच्या फोनने घरातल्या यंत्रांपर्यंत पोहोचू नये म्हणूनच ती सोय असते. प्लेअर चुकून त्यावर जोडला गेला, तर तोही पाहुणाच ठरतो. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची भीती मात्र बाळगू नका. एकाच राउटरचे हे दोन पट्टे सहसा एकाच नेटवर्कचे भाग असतात. कॉम्प्युटर एकावर आणि प्लेअर दुसऱ्यावर असला तरी चालतं.

गैरसमज: फायरवॉल बंद केल्याशिवाय शेअरिंग होत नाही.

वस्तुस्थिती: फायरवॉल चालू ठेवूनच शेअरिंग करायचं असतं. बहुतेक वेळा अडचण असते ती नेटवर्कच्या प्रकारात. अनोळखी नेटवर्क जोडलं की विंडोज ते ‘पब्लिक’, म्हणजे स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वाय-फायसारखं धरते आणि फाइल मागायला येणाऱ्याला दारातच अडवते. सेटिंगमध्ये जाऊन घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. त्यासाठी लागणारं ४४५ क्रमांकाचं पोर्ट फायरवॉल घरापुरतं उघडते.

वेगळा अँटिव्हायरस घेतला असेल, तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते. तिथेही घरचं नेटवर्क विश्वासाचं म्हणून नोंदवावं लागतं. दोष फायरवॉलचाच आहे का, हे पडताळण्यासाठी ती मिनिटभर बंद करून पाहायला हरकत नाही. पण ती तपासणी झाली, उपाय नव्हे. आणि राउटरमधून ४४५ पोर्ट बाहेरच्या जगासाठी उघडायचा सल्ला कुणी दिला, तर तो अजिबात ऐकू नका.

गैरसमज: प्लेअर जुना असेल, तर एसएमबी वन चालू करणं हाच इलाज.

वस्तुस्थिती: ते चालू केल्याने प्लेअर चालतो, हे खरं. पण ते बंद का झालं, हेही ठाऊक असावं. एसएमबीचा जन्म १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झाला. बॅरी फायगेनबॉम हे तिचे मूळ रचनाकार. विंडोज व्हिस्टाबरोबर दुसरी आवृत्ती आली आणि २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर तिसरी. पहिली मात्र जुन्या यंत्रांच्या सोयीसाठी तशीच राहिली. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने याच पहिल्या आवृत्तीतल्या विंडोजच्या त्रुटीचा फायदा घेऊन जगभर कॉम्प्युटर ओलीस धरले. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण असंख्य यंत्रांवर ती बसवलेली नव्हती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये फाइल शेअर करण्यासाठीचं एसएमबी वन मुळातच बंद असतं.

२००९ साली आलेल्या डब्ल्यूडी टीव्ही लाइव्हसारख्या प्लेअरना हीच पहिली आवृत्ती तेवढी समजते. त्यामुळे काल चालणारा प्लेअर नवा कॉम्प्युटर घेतल्यावर एकाएकी मुका होतो. बिघाड दोघांतही नसतो. ती विशिष्ट त्रुटी आज बुजवलेली असली, तरी पहिल्या आवृत्तीत तिसऱ्या आवृत्तीसारखं एन्क्रिप्शन नाही. एका जुन्या प्लेअरसाठी सगळ्या कॉम्प्युटरची सुरक्षा उतरवण्यापेक्षा त्याच प्लेअरवर डीएलएनए ही दुसरी पद्धत वापरता येते का ते पाहावं, नाहीतर हार्ड डिस्क थेट यूएसबीला जोडावी. नवा प्लेअर असून अडत असेल, तर त्याचं सेटिंग तपासा. कोडीत एसएमबीची किमान आणि कमाल आवृत्ती ठरवता येते. कमाल आवृत्ती चुकून पहिलीवर राहिली, तर आताची विंडोज त्याला दाद देणार नाही.

गैरसमज: डीएलएनए म्हणजे फोल्डर शेअरिंगच.

वस्तुस्थिती: दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. सोनी, इंटेल आणि इतर कंपन्यांनी २००३ मध्ये एकत्र येऊन डीएलएनएची संघटना उभारली. ती २०१७ मध्ये विसर्जित झाली, पण तिचे नियम आजही असंख्य टीव्हींत जिवंत आहेत. यात कॉम्प्युटरवरचा सर्व्हर फक्त गाणी, फोटो आणि व्हिडिओ यांची सूची पुरवतो. फाइल बदलता किंवा पुसता येत नाही. सहसा पासवर्डही नसतो, त्यामुळे त्या नेटवर्कवरच्या कुणालाही ती सूची बघता येते.

यातून निघणारा व्यवहारी धडा असा. टीव्ही फक्त डीएलएनए जाणत असेल, तर फोल्डरवर राइट क्लिक करून कितीही ‘शेअर’ केलं तरी टीव्हीला त्याची वार्ताही लागणार नाही. त्यासाठी विंडोजमधलं ‘मीडिया स्ट्रीमिंग’ चालू करून ते फोल्डर मीडिया लायब्ररीत घालावं लागतं. आणि डीएलएनएवर सिनेमा दिसला, पण सबटायटल आली नाहीत, तर त्यात नवल नाही. प्रत्येक सर्व्हर आणि टीव्ही ती पोचवतोच असं नाही.

गैरसमज: ‘एव्हरीवन’ला परवानगी दिली की पासवर्ड लागत नाही.

वस्तुस्थिती: इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. शेअर केलेल्या फोल्डरवर दोन परवानग्या असतात, एक शेअरिंगची आणि दुसरी डिस्कवरच्या फोल्डरची. दोन्हींत जी जास्त कडक, ती लागू होते. त्यामुळे एकीकडे फुल कंट्रोल दिला आणि दुसरीकडे नाव नसलं, तर दार बंदच राहतं. शिवाय ‘एव्हरीवन’मध्ये ओळख न सांगणारा अनामिक वापरकर्ता धरलेला नसतो. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ चालू असेल, तर नाव आणि पासवर्ड विचारला जाणारच.

कोणता पासवर्ड, यावरही गोंधळ होतो. कॉम्प्युटर उघडताना टाकतो तो चार-सहा आकडी पिन इथे चालत नाही. तो त्या यंत्रापुरताच असतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल, तर ईमेल आणि त्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो. पासवर्डच न ठेवलेल्या अकाउंटला विंडोज मुळातच नेटवर्कवरून आत घेत नाही.

यावर स्वच्छ उपाय एकच. कॉम्प्युटरवर प्लेअरसाठी वेगळं लोकल अकाउंट काढा, त्याला पासवर्ड द्या आणि सिनेमांच्या फोल्डरवर फक्त वाचायची परवानगी ठेवा. रिमोटशी खेळताना एखाद्या पोराने लग्नाचा व्हिडिओ पुसून टाकायची भीतीही मग उरत नाही.

उलट दिशेची अडचणही अलीकडे वाढली आहे. राउटरला लावलेली हार्ड डिस्क कॉम्प्युटरवर पासवर्डशिवाय उघडायची, ती एका अपडेटनंतर उघडेनाशी होते. विंडोज ११ प्रोच्या २०२४ च्या आवृत्तीपासून पासवर्डविना ‘गेस्ट’ म्हणून होणारी जोडणी आपोआप नाकारली जाते. डिस्क बिघडलेली नसते. राउटरमध्ये तिला नाव-पासवर्ड लावला की बहुतेकदा काम होतं.

गैरसमज: ४ जीबीपेक्षा मोठी फाइल नेटवर्कवरून चालत नाही.

वस्तुस्थिती: ही मर्यादा एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हची आहे. कॉम्प्युटरची डिस्क एनटीएफएस असते, तिथे ही अडचण नाही. आणि नेटवर्कवरून मागताना प्लेअरला मूळ डिस्क कुठल्या पद्धतीची आहे, याच्याशी कर्तव्य नसतं.

गैरसमज: सिनेमा अडखळतो, म्हणजे इंटरनेटचा प्लॅन वाढवायला हवा.

वस्तुस्थिती: घरातल्या घरात जाणारी फाइल इंटरनेटवर जातच नाही. फायबरची तार काढून ठेवली तरी, राउटर चालू असेल तर, सिनेमा चालायला हवा. वेग लागतो तो कॉम्प्युटर, राउटर आणि प्लेअर यांच्यामध्ये. किती, याचा हिशेब सोपा आहे. दोन तासांचा ८ जीबीचा सिनेमा असेल, तर सरासरी सेकंदाला साधारण ९ मेगाबिट लागतात. तेवढं बेताचं वाय-फायही पेलतं. तेवढ्याच लांबीचा ६० जीबीचा फोरके सिनेमा मात्र सरासरी ६७ मेगाबिट मागतो आणि धावपळीच्या दृश्यांत आणखी जास्त. अनेक टीव्हींच्या तारेच्या पोर्टची धाव १०० मेगाबिटपुरतीच असते, त्यामुळे तिथे तारही अपुरी पडू शकते.

वाय-फायवर आणखी एक गोम आहे. कॉम्प्युटर आणि प्लेअर दोन्ही एकाच पट्ट्यावर असले, तर फाइलचा प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, आधी राउटरपर्यंत आणि मग प्लेअरपर्यंत. हाती येणारा वेग जवळपास अर्धा होतो. कॉम्प्युटर तारेने राउटरला जोडला की एक फेरी वाचते. नवा प्लॅन घेण्याआधी ही एक तार घ्या.

गैरसमज: चित्र आहे पण आवाज नाही, म्हणजे नेटवर्क कमजोर.

वस्तुस्थिती: तीच फाइल पेनड्राइव्हवर घालून लावा. तिथेही आवाज नसेल, तर नेटवर्क निर्दोष आहे. ‘एमकेव्ही’ हे फक्त वेष्टन आहे. आतला आवाज डीटीएस पद्धतीचा असेल आणि टीव्हीला ती येत नसेल, तर चित्र दिसतं आणि आवाज येत नाही. जेलिफिन किंवा प्लेक्ससारखा मीडिया सर्व्हर असा आवाज चालता चालता बदलून देऊ शकतो.

मराठी सबटायटलचं निदानही असंच करावं. अक्षरांऐवजी चौकोन दिसले, तर बहुधा प्लेअरकडे देवनागरी फॉन्ट नाही. भलतीच चिन्हं दिसली, तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘यूटीएफ-८’ निवडून पुन्हा सेव्ह करा.

गैरसमज: काल चालत होतं, आज नाही, म्हणजे काहीतरी बिघडलं.

वस्तुस्थिती: कॉम्प्युटर झोपला असेल. स्लीपमध्ये गेलेला कॉम्प्युटर फाइल देत नाही. पत्ता बदलला असेल, किंवा तुम्ही पासवर्ड बदलला असेल आणि प्लेअर जुनाच पासवर्ड पुढे करत असेल. सेटिंगना हात लावण्याआधी या तीन गोष्टी बघाव्यात.

तपासणीचा क्रम मग आपोआप ठरतो. कॉम्प्युटर जागा आहे का? दोन्ही पत्त्यांचे पहिले तीन आकडे जुळतात का? थेट पत्त्याने जोडणी होते का? नाव-पासवर्ड स्वीकारला जातो का? पेनड्राइव्हवरून तीच फाइल चालते का? पहिलं ‘नाही’ जिथे येईल, तिथेच थांबून तेवढंच दुरुस्त करायचं. एका वेळी एकच बदल करा आणि ज्या बदलाने फरक पडला नाही, तो लगेच मागे घ्या. सिनेमा सुरू झाल्यावर फायरवॉल उघडी आणि फोल्डर सगळ्यांना मोकळं राहिलं असेल, तर काम अजून संपलेलं नाही.