एमआरएल ओलांडले म्हणजे काय?

द्राक्षांत फवारलेल्या औषधांचे एमआरएलपेक्षा जास्त अवशेष सापडल्याची बातमी आली की लोक फळ विषारी ठरवतात. पण तसे नसते. एमआरएल (अवशेषांची कायदेशीर कमाल मर्यादा) ठरते ती औषध लेबलाप्रमाणे फवारल्यावर फळात किती उरेल यावरून. अपायाची पातळी सहसा बरीच वर असते.

जशी घाटात ताशी 40 ची पाटी असते. 45 ने गेलेली गाडी दरीत कोसळतेच असे नाही, नियम मात्र मोडतो.

आणि एमआरएलचा नियम मोडल्याची किंमत जबर असते. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात नाकारली गेली. माल गेला, जहाजभाडे अंगावर पडले. स्वतंत्र मर्यादा नसलेल्या औषधाला तिथे सर्वसाधारणपणे किलोमागे 0.01 मिलिग्रॅमच चालते, म्हणजे टनभर द्राक्षांत अवघे 10 मिलिग्रॅम!

बागायतदारांनो, काढणीपूर्वीच नमुना तपासून घ्या.