बोनसची गोडी आणि उतारवयाची शिदोरी

२०२५ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. दौंडचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी पत्नीसह माझ्या शिरूरच्या दवाखान्यात आले. वय अडुसष्ट. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सहा महिन्यांपासून त्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नव्हता. मी दोनदा गोळी वाढविली, मीठ कमी करण्यास सांगितले. झोप लागत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तिचे कारण मात्र मी कधी खोलात जाऊन विचारले नव्हते.

त्या दिवशी काकूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर पत्ते खेळतात. मुदत ठेव मोडली, तीही मला बँकेच्या मेसेजवरून कळली." काका मान खाली घालून म्हणाले, "सुरुवातीला पैसे माझे नव्हतेच. कंपनीनं बोनस दिला होता."

त्यांच्या या एका वाक्यातच सारा घोटाळा दडलेला आहे.

बोनस कोणाच्या पैशातून?

पोकर हा पैजेचा पत्त्यांचा खेळ. ऑनलाइन पोकरमध्ये कंपनी स्वतः डाव खेळत नाही. प्रत्येक डावात जमलेल्या रकमेतून ती आपला हिस्सा कापून घेते. त्याला 'रेक' म्हणतात. कोणीही जिंको वा हरो, हा हिस्सा कंपनीला मिळतच राहतो. म्हणूनच खेळाडूने अधिकाधिक डाव खेळावेत, हे तिच्या हिताचे असते आणि बोनसची रचना त्यासाठीच केलेली असते.

एक काल्पनिक हिशेब मांडू. आपण १,००० रुपये भरले आणि तितकाच 'स्वागत बोनस' जाहीर झाला. तो लगेच हाती येत नाही. आपल्या वाट्याची २५० रुपये कपात झाली की त्यातील ५० रुपये मोकळे होतात, अशी अट धरू. मग पूर्ण १,००० रुपये मिळण्यासाठी ५,००० रुपये कपात व्हावी लागेल. कपात ५ टक्के असेल, तर त्यासाठी आपल्याला एकूण १ लाख रुपये डावांवर लावावे लागतील आणि तेही ठरावीक मुदतीत. अन्यथा उरलेला बोनस रद्द. पाच हजार देऊन एक हजार परत मिळविणे ही भेट नव्हे. आपल्याच पैशातून मिळालेली ती सूट आहे.

गुण, 'रौप्य', 'सुवर्ण' अशा पायऱ्या आणि कपातीचा काही भाग परत देणारी योजना यांचाही हिशेब असाच असतो. जितकी कपात जास्त, तितका मान मोठा. खेळ थांबविला की पायरी घसरते, आणि ती घसरू नये म्हणून माणूस पुन्हा खेळायला बसतो.

मेंदूचे गणित आणि एक औषध

बक्षीस केव्हा मिळेल हे ठाऊक नसले की मेंदू त्याच्या मागे अधिक चिवटपणे धावतो. अनावर जुगाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात व्यसनजन्य विकारांत स्थान आहे. तेव्हा हा केवळ स्वभावदोष किंवा 'म्हातारचळ' मानू नये. निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ, एकटेपणा आणि हाती आलेली एकरकमी पुंजी यांमुळे ज्येष्ठांना धोका अधिक असतो.

आणखी एक कारण घरच्यांना सहसा माहीत नसते. कंपवात, अर्थात पार्किन्सनसाठी, आणि काही वेळा रात्री पाय अस्वस्थ होण्याच्या त्रासासाठीही, प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे दिली जातात. ती उपयुक्त आहेत; परंतु काही रुग्णांत जुगार, खरेदी, खाणे यांची अनावर ओढ निर्माण करतात. अमेरिका व कॅनडातील ३,०९० पार्किन्सन रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, या गटातील औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णांत अशी ओढ आढळली. न घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते.

काकांना दोन वर्षांपूर्वी कंपवातासाठी प्रॅमिपेक्सोल सुरू झाले होते. प्रत्येक भेटीत ती चिठ्ठी मी पाहत होतो, आणि तरीही विचारले नाही. ही चूक माझी. मेंदूविकारतज्ज्ञांनी औषध हळूहळू बदलले. काही आठवड्यांत रात्रीचा खेळ सुटला, रक्तदाबही उतरला. मोडलेली ठेव मात्र परत आली नाही.

कायदा झाला, सावधपण हवेच

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व १ कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणून भीतीपोटी गोष्ट लपवू नये. देशातील प्रमुख कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. तरी काकांच्या मोबाइलवर अनोळखी क्रमांकांवरून 'मोफत बोनस'चे संदेश येतच राहिले. अशा ठिकाणी पैसे अडकले, तर दाद मागणे आणखी कठीण.

घरच्यांनी पुढील गोष्टी कराव्यात :

• रात्रीचे जागरण, मोबाइल लपविणे, उसनवारी, अचानक मोडलेल्या ठेवी यांकडे लक्ष ठेवावे.

• वरील औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. औषध मनाने एकाएकी बंद करू नये. त्याने वेगळा त्रास उद्भवतो.

• संमतीने बँक व्यवहारांची मर्यादा कमी करून घ्यावी. दरडावून मोबाइल काढून घेतल्यास लपवाछपवी वाढते.

• मानसिक आधारासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ आणि ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास तातडीने १९३० हा क्रमांक लावावा.

काका आता संध्याकाळी नातवाबरोबर पत्ते खेळतात, चिंचोके लावून. जिंकलेले चिंचोके रात्री पुन्हा डब्यात जातात. काकू म्हणतात, "डाव तोच आहे डॉक्टरसाहेब, पण आता यांना झोप लागते."