शमीवरची शस्त्रे आणि देवघरातील बंदूक

आश्विन शुद्ध नवमीस सूर्य वर येण्यापूर्वीच आमच्या क्षेत्रगावी घरोघरी आयुधांची झाडपूस सुरू होते. शेतकऱ्याच्या अंगणात नांगर, कुळव आणि कोयता धुऊन ठेवलेला असतो. सुताराकडे करवत आणि रंधा, वाण्याकडे तागडी आणि वजने, तर आमच्यासारख्या कीर्तनकाराकडे पोथ्या, वीणा आणि चिपळ्या. ज्याचे ज्यावर पोट, ते त्याचे आयुध. आणि खंडेनवमी हा त्या आयुधाच्या कृतज्ञतेचा दिवस. काही जुन्या घरांतून तलवार निघते, दांडपट्टा निघतो, आणि क्वचित एखाद्या घरातून बंदूकही निघते. आज या शेवटच्या शस्त्राविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. विषय सणाच्या पानास विसंगत वाटेल. परंतु शस्त्रपूजेच्या दिवशी शस्त्राच्या अधिकाराचा विचार करावयाचा नाही, तर तो कधी करावयाचा?

आमच्या मामांची गावाबाहेर मळ्यात वस्ती होती. आजूबाजूस मैलभर दुसरा दिवा नसे. त्या काळी चोरा-दरोडेखोरांच्या भयाने त्यांनी रीतसर परवाना काढून बारा बोअरची एक दुनळी बंदूक घेतली होती. त्यांच्या हयातीत ती कोणावर रोखली गेल्याचे आम्हांस स्मरत नाही. परंतु दरवर्षी खंडेनवमीस मामा तिला स्वच्छ पुसून पाटावर ठेवीत, हळदकुंकू वाहत आणि झेंडूची माळ घालीत. मामा निवर्तले. त्यानंतर दोन दसरे गेले. बंदूक देवघराशेजारच्या फडताळात होती तिथेच राहिली. पूजा मात्र मामींनी चुकवली नाही.

तिसऱ्या वर्षी नवमीस आम्ही तेथे गेलो होतो. पूजा आटोपली, मंडळी पानावर बसली, आणि मामेभावाच्या आठ वर्षांच्या नातवाने पाटावरची बंदूक उचलून धाकट्या बहिणीवर रोखली. पोर हसत होती. बंदूक रिकामी होती, हे पुढे कळले; तिच्या नळ्या उघडून पाहीपर्यंत घरातील एकाही माणसाला ते निश्चित ठाऊक नव्हते. काडतुसांची जुनी पेटी त्याच फडताळात खालच्या खणात होती. त्या दिवशीचा घास आमच्या घशाखाली उतरला नाही.

आम्ही मामेभावास विचारले, "परवान्याचे काय केलेस?" तो म्हणाला, "बाबांच्या नावाचा आहे की कपाटात." परवाना हा शेतजमिनीसारखा आपोआप वारसाकडे येत नाही, हे त्या सुशिक्षित गृहस्थास माहीत नव्हते. खरे सांगावयाचे तर तोवर आम्हांसही नव्हते.

कीर्तनात आम्ही शमीचे आख्यान कितीदा सांगितले असेल, याची गणना नाही. अज्ञातवासास निघालेले पांडव विराटनगरीच्या सीमेवर येतात. आयुधे घेऊन नगरात शिरलो तर लोक भयभीत होतील आणि आपण ओळखले जाऊ, हे जाणून ती स्मशानाजवळच्या शमीवृक्षावर ठेवावयाचे ठरते. आता बारकावा पाहा. प्रत्येक भाऊ आधी आपल्या धनुष्याची प्रत्यंचा उतरवितो, मगच धनुष्य वृक्षावर चढते. पावसाने भिजणार नाहीत अशा जागी ती घट्ट बांधली जातात. आणि कोणी जवळ फिरकू नये म्हणून त्याच फांदीस एक प्रेत बांधले जाते. विचारणाऱ्या गुराख्यांना सांगितले जाते की, ही आमची एकशे ऐंशी वर्षांची माता, हा आमचा कुळाचार. प्रत्यंचा उतरविलेली, बांधलेली आणि परक्या हाताला न लाभणारी शस्त्रे! आजच्या भाषेत सांगावयाचे तर रिकामी करून, कुलपात, पोराबाळांच्या हातापासून दूर. व्यासांनी जे पांडवांकडून करविले, ते आमच्या मामांच्या घरी झाले नव्हते. उलट आम्ही शस्त्राला माळ घालून मुलांच्या समोर मांडले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावातील एका वृद्ध वकिलांकडे गेलो. त्यांनी सांगितले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून येथे मांडतो.

इंग्रजांनी 1878 साली, लॉर्ड लिटनच्या अमदानीत, शस्त्रांचा कायदा करून या देशातील प्रजेस परवान्याच्या बंधनात घातले. गोऱ्यांना मात्र मोकळीक ठेवली. तो अपमान आपल्या पूर्वजांना फार झोंबला. स्वातंत्र्यानंतर 1959 साली नवा शस्त्र अधिनियम झाला आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून तो अमलात आला. त्याखालील सविस्तर नियम आज 2016 सालचे आहेत. या कायद्यात काळ्या-गोऱ्याचा भेद नाही. इतकेच नव्हे, अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पाहावयाची ती पात्रता, श्रीमंती नव्हे.

अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आणि जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे आयुक्तांकडे करावयाचा. शस्त्र कशासाठी हवे, ते सांगावे लागते. ठाण्याकडून चौकशीचा अहवाल मागविला जातो. वय एकवीस पूर्ण असावे लागते. शरीर आणि मन निरोगी असल्याचा वैद्यकीय दाखला लागतो. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घ्यावे लागते. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्यास ठराविक काळ बंदी असते. अर्ज फेटाळला तर वरिष्ठांकडे अपील करता येते. परवाना पूर्वी तीन वर्षांचा असे. 2019 च्या दुरुस्तीने तो पाच वर्षांचा झाला, आणि एका व्यक्तीस ठेवता येणारी शस्त्रे तीनवरून दोनवर आली. वारशाने आलेली शस्त्रेही याच मर्यादेत मोजली जातात.

पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. कोकणातील शेतकऱ्यांस ती परिचित आहे. परंतु बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा उभा आहे, आणि रानडुक्कर शेतात शिरले तरी त्यास मारण्याची परवानगी निराळी घ्यावी लागते.

हे ऐकताना आम्हांस कर्ण आठवत होता. परशुरामांपाशी तो ब्रह्मास्त्र मागावयास गेला तेव्हा आपले कुल त्याने खोटे सांगितले. विद्या मिळाली, सेवाही निष्ठेने केली. पण असत्य उघडे झाले आणि शाप आला की ऐन प्राणसंकटात ते अस्त्र आठवणार नाही. आजचा कायदाही अर्जात खोटी माहिती दिल्यास किंवा खरी दडविल्यास परवाना रद्द करण्याचा अधिकार ठेवतो. असत्याच्या पायावर घेतलेले शस्त्र रक्षण करीत नाही, हा सिद्धांत जुनाच आहे.

आणि अश्वत्थामा? द्रोणाचार्यांनी ब्रह्मशिर अस्त्र आधी अर्जुनास दिले. पुत्राने हट्ट धरला म्हणून त्यालाही दिले, परंतु मन मानत नसताना दिले. प्रसंग आला तेव्हा दोघांनीही अस्त्रे सोडली. ऋषींनी मध्ये पडून आवरावयास सांगितले. अर्जुनाने परत घेतले, अश्वत्थाम्यास ते साधले नाही. सोडण्याची विद्या दोघांपाशी होती, आवरण्याची एकापाशीच. पित्याच्या मायेने पात्रता पाहिली नाही, त्याचे फळ उत्तरेच्या गर्भाला भोगावे लागले. वैद्यकीय दाखला आणि ठाण्याची चौकशी ही कित्येकांना कटकट वाटते. आम्हांस ती द्रोणांनी न घेतलेली परीक्षा वाटते.

यावरून शस्त्र मुळी धरूच नये, असे आमचे म्हणणे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवितो, तेव्हा त्या बंदुकीमागे तपश्चर्याच असते. कर्नाटकातील कोडगू प्रांती कैलपोळ्द नावाचा आयुधपूजेचा सण होतो. कोडव लोक त्या दिवशी बंदुका देवघरात मांडून कळलावीच्या फुलांनी सजवितात; त्या फुलास त्यांच्या भाषेत बंदुकीचे फूलच म्हणतात. त्या समाजास ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने ती 2029 पर्यंत चालू ठेवली आणि 2021 साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती ग्राह्य मानली. पण ती सूट त्यांची आहे. आपल्या पाटावरची बंदूक केवळ पूजेची आहे म्हणून कायद्यातून सुटत नाही.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत वा देवस्थानी आनंदाच्या भरात बंदुकीचे बार काढण्याची हौस काही ठिकाणी दिसते. 2019 च्या दुरुस्तीने असा गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत, आणि त्या कलमात धार्मिक स्थळांचा उल्लेख शब्दशः आहे. देवासमोर टाळ वाजवावा, शंख फुंकावा. बंदुकीच्या बाराने देव प्रसन्न झाल्याचे आम्ही कोणत्याही पुराणात वाचलेले नाही.

असो. मामांच्या बंदुकीकडे वळू. वकिलांनी सांगितले की, परवानाधारक वारला की त्याचे शस्त्र विनाविलंब जवळच्या ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केले पाहिजे. वारसास हवे असल्यास तो स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करू शकतो. मिळाला तर शस्त्र परत घेता येते, नाही तर ते अधिकृत व्यक्तीस विकता येते. एवढेच नव्हे, परवानाधारकास सत्तर वर्षे पूर्ण झाली किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली, तर हयातीतच वारसाचे नाव सुचविण्याची सोय नियमांत आहे. ते न करता बंदूक घरी ठेवणे हा गुन्हाच. मग तिला माळ घाला की घालू नका.

मामेभाऊ घाबरला. इतक्या उशिरा गेलो तर खटला होईल, त्यापेक्षा विहिरीत टाकून द्यावी, असेही कोणी सुचविले. मामी तर रडू लागल्या. "अरे, तू शास्त्री ना? त्यांची एवढी एक खूण राहिली आहे, ती ठाण्यात देऊ म्हणतोस?" त्या प्रश्नाला आमच्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते.

रात्री आम्ही मामींपाशी बसून रामायणातील एक कथा सांगितली. अरण्यकांडात सीता ती रामचंद्रांस सांगते. एका तपस्व्यापाशी इंद्र योद्ध्याच्या वेषाने आला आणि आपले खड्ग ठेव म्हणून ठेवून गेला. ठेव सांभाळावी म्हणून तो तपस्वी ते सतत जवळ बाळगू लागला. कंदमुळे आणावयास निघाला तरी खड्ग हाती. हळूहळू त्याची बुद्धी त्या शस्त्राकडे वळली, तप सुटले, आणि तो क्रूर होऊन अधोगतीस गेला. त्याने चोरी केली नव्हती, कोणाचे वाईट चिंतिले नव्हते. केवळ जे आपले नाही ते शस्त्र त्याने सोबत बाळगले. रामांनी उत्तर दिले की, आर्तांच्या रक्षणाचे वचन आपण दिले आहे, म्हणून धनुष्य धरणे प्राप्त आहे. दोघांचेही खरे आहे. ज्याच्यावर रक्षणाचे कर्तव्य आहे, त्याने पात्र होऊन धरावे. ज्याच्यावर नाही, त्याने ठेव म्हणूनही उगाच बाळगू नये.

मामी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पोरीवर रोखली होती रे त्याने. ने ती."

विजयादशमी सरल्यावर आम्ही तिघे ठाण्यात गेलो. आधी वर्दी देऊन, बंदूक उघडून, रिकामी असल्याचे दाखवून, आवरणात घालून नेली; काडतुसे वेगळी. ठाणे अंमलदारांनी उशिराचे कारण विचारले, तसा लेखी जबाब घेतला, मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना पाहिला, बंदुकीवरचा क्रमांक ताडून पाहिला आणि पावती दिली. दोन शब्द कडक बोलले, ते आम्ही ऐकून घेतले. चूक आमचीच होती. आमच्यावर खटला झाला नाही, पण म्हणून कोणाचाच होणार नाही असे समजू नये. पुढे मामेभावाने पुष्कळ विचार केला आणि परवान्याचा अर्ज करावयाचा नाही असे ठरविले. वस्तीवर आता वीज आहे, शेजार आहे. "माझ्याने नेम धरवणार नाही, आणि राग मला लवकर येतो," असे तो स्वतःच म्हणाला. आपली पात्रता आपणच तपासणारा माणूस आम्हांस फार थोर वाटला.

पुढल्या खंडेनवमीस आम्ही पुन्हा तेथे होतो. पाटावर बंदुकीच्या जागी मामांचा उसाचा कोयता होता. मूठ झिजलेली, पाते पुसून लख्ख केलेले. मामींनी त्यालाच हळदकुंकू वाहिले, माळ घातली, आणि पूजा होताच तो उचलून उंच फळीवर ठेवला.

वाचकहो, आपल्या घरी वडिलोपार्जित बंदूक असेल तर उद्या सीमोल्लंघनास निघण्यापूर्वी तिचा परवाना कोणाच्या नावे आहे आणि त्याची मुदत कधी संपते, एवढे पाहा. ती रिकामी आहे याची जाणत्याकडून खात्री करून घ्या. परवाना नसेल तर वकिलाचा सल्ला घेऊन ती ठाण्यात पोचती करा. मग आपट्याची पाने घेऊन थोरामोठ्यांच्या पाया पडा. सोने द्या, सोने घ्या, आणि सोन्यासारखे राहा.